छापील खांबांच्या मागे सात दिवस

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आम्हाला जुन्या ग्रीक-रोमन पद्धतीच्या पाच प्रकारच्या खांबांची शीट काढायला लागायची. टस्कन, डोरिक, आयोनिक, कॉरिंथियन, कॉम्पोझिट, डावीकडून उजवीकडे एकेक जास्त सडपातळ होत जाणारे, इंपिरियल साइजचा कागद, रोटरिंगची पेनं, आणि शाईचा एक थेंब सांडला की शीट पुन्हा पहिल्यापासून. ती शीट मुळात कुठून आली, कोणी काढली, हे ना सरांनी सांगितलं ना आम्ही विचारलं. पुढे पुण्यात एका ऑफिसात २७ वर्षं ड्राफ्टिंग केलं, आधी बोर्डावर, मग कॉम्प्युटरवर, आणि रिटायर झाल्यावर वाचायला निवांतपणा मिळाला तेव्हा कळलं की हे पाच खांब एका पानावर ओळीने उभे करून छापले गेले ते व्हेनिसमध्ये, १५३७ साली, सेबास्तियानो सेर्लिओ नावाच्या माणसाच्या पुस्तकात. तेव्हापासून डोक्यात होतं की त्या पानाच्या मागे मागे जायचं, ते जिथे छापलं तिथून ते जिथे जिथे पोचलं तिथपर्यंत. भाची ब्रसेल्सला नोकरी करते, ती म्हणाली मावशी तू फक्त ये, तिकिटं मी बघते. सात दिवसांत जेवढं जमलं तेवढं हे.

दिवस पहिला, व्हेनिस

विमानतळावरून बोटीने आलो, बॅगा टाकल्या आणि सरळ सान मार्को. सगळे लोक चर्चकडे आणि डोजच्या महालाकडे तोंड करून उभे असतात, आम्ही महालाकडे पाठ करून समोरची लायब्ररी बघत उभ्या राहिलो. याकोपो सान्सोव्हिनोने १५३७ मध्येच ती बांधायला घेतली, म्हणजे सेर्लिओचं पुस्तक आलं त्याच वर्षी. खाली डोरिक, वर आयोनिक, प्रत्येक कमानीला दोन्ही बाजूंनी अर्धे खांब चिकटलेले, रोममधल्या मार्सेलसच्या थिएटरला आहेत तसे. २१ कमानी आहेत, मी बोट धरून मोजल्या.

सान्सोव्हिनो आणि सेर्लिओ दोघंही रोममधून आलेले. १५२७ मध्ये सम्राटाच्या सैन्याने रोम लुटलं, तेव्हा तिथले कितीतरी कलाकार वाट फुटेल तिकडे गेले आणि बरेचजण व्हेनिसला आले. सान्सोव्हिनोला मोठं काम मिळालं. सेर्लिओला तशी कामं मिळाली नाहीत, पण त्याच्याकडे ड्रॉइंग्ज होती, त्याचा गुरू पेरुझ्झी याच्याकडून आलेली, रोमच्या जुन्या इमारतींची मापं घेऊन काढलेली, आणि व्हेनिस म्हणजे तेव्हा युरोपातलं छापखान्यांचं सगळ्यात मोठं गाव. १५२८ मध्येच त्याने खांबांच्या तळखड्यांची आणि शीर्षांची काही चित्रं छापायचा हक्क तिथल्या सरकारकडून मागून घेतला होता.

त्याआधी पुस्तकं नव्हती असं नाही. व्हिट्रुव्हिअस हा रोमन काळातला आर्किटेक्चरवरचा लेखक छापून आला होता, पण त्याची मूळ चित्रं हरवलेली, लॅटिन अवघड, आणि १५११ मध्ये फ्रा जोकोन्दोने व्हेनिसमध्येच चित्रांसकट आवृत्ती काढली तरी ती शेवटी विद्वानांच्या टेबलावरची गोष्ट. सेर्लिओने काय केलं तर इटालियनमध्ये लिहिलं, चित्र मोठं ठेवलं आणि मजकूर चित्राच्या भोवती. त्याच्या मालिकेतला चौथा भाग त्याने सगळ्यात आधी काढला कारण त्यात खांब होते आणि लोकांना खांबच हवे होते. टस्कन जाडीच्या सहापट उंच, डोरिक सातपट, आयोनिक आठ, कॉरिंथियन नऊ, कॉम्पोझिट दहा. बस. हे कुठल्याही गवंड्याला पाठ होतं, त्याला लॅटिन यायची गरज नाही, की रोमला जायची.

संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होते. सान्सोव्हिनोच्या लायब्ररीचं छत १५४५ मध्ये एका भागात कोसळलं, त्याला तुरुंगात टाकलं, मग मित्रांनी सोडवलं, तो १५७० मध्ये गेला तरी इमारत अपुरीच होती आणि ती पुरी व्हायला आणखी १८ वर्षं गेली. पुस्तक मात्र दोन वर्षांत आल्प्स ओलांडून आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पला पोचलं होतं. दगड जागचा हलत नाही हे माहीतच असतं, पण समोर उभं राहून हा हिशोब केला की जरा वेळ बोलवत नाही.

दिवस दुसरा, व्हिचेन्झा

सकाळच्या ट्रेनने व्हिचेन्झा, तासाभराच्या आत. हे आर्किटेक्ट पॅलाडिओचं गाव. आंद्रेआ पॅलाडिओ, जन्म १५०८ पादुआचा, बाप गिरणीवाला, स्वतः लहानपणापासून पाथरवट. इथल्या त्रिस्सिनो नावाच्या विद्वान सरदाराने त्याच्यातलं पाणी ओळखलं, शिकवलं, पॅलाडिओ हे नावही त्यानेच दिलं आणि रोमला नेलं. छिन्नी हातोडी चालवणाऱ्या माणसाने पुढे पुस्तक लिहिलं म्हणून ते पुस्तक तसं आहे असं मला मनापासून वाटतं. ते नंतर येईलच.

चौकात बासिलिका आहे. नाव चर्चसारखं, पण ही गावची जुनी कचेरी, मध्ययुगातली, आणि तिच्याभोवती पॅलाडिओने १५४९ पासून दोन मजली पांढऱ्या दगडाचा व्हरांडा गुंडाळला. आता ड्राफ्टिंगवाल्यांनी इथे थांबावं. जुन्या इमारतीचे गाळे एकसारखे नाहीत, कुठे रुंद कुठे अरुंद, आणि बाहेरून कमानी तर एकसारख्या दिसायला हव्यात. त्याने प्रत्येक गाळ्यात मधे एक कमान घेतली आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक उभी चौकोनी फट, बारीक खांबांवर टेकलेली. कमान सगळीकडे तेवढीच. फरक सगळा त्या बाजूच्या फटींमध्ये जिरवला. कोपऱ्यातल्या गाळ्याशी जा आणि फट बघा, मधल्या गाळ्यांपेक्षा सरळ सरळ चिंचोळी आहे. दहा पावलं मागे सरकलं की काही कळत नाही. भाचीला मी हाताला धरून कोपऱ्यापर्यंत नेलं आणि परत मागे आणलं, असं तीनदा केलं तेव्हा तिला दिसलं, आणि मग तिने स्वतःच ओरडून सांगितलं की अगं मावशी त्या टोकाला पण तसंच आहे.

ही मधे कमान आणि बाजूला दोन फटी, हीच रचना सेर्लिओने १५३७ च्या पुस्तकात छापलेली, म्हणून तिला आजही सेर्लियाना म्हणतात. म्हणजे पॅलाडिओसुद्धा छापील पानं बघत मोठा झालेला. पुढे इंग्रजांनी तिलाच पॅलाडियन खिडकी म्हणायला सुरुवात केली. पानं फिरतात तशी नावंही फिरतात.

बासिलिकाच्या समोरच, त्याच चौकात, पॅलाडिओचीच दुसरी इमारत आहे, लोज्जा देल कापितानियातो, १५७१ ची. दोन मजल्यांची उंची एका दमात घेणारे चार प्रचंड अर्धखांब, आणि ते विटांचे आहेत. उघड्या विटा, लालसर, गोलाई साधायला घडवलेल्या. मी जवळ जाऊन हात लावला. पुस्तकांमधून इतकी वर्षं जे खांब बघितले ते काळ्या रेघांचे, आणि मनात आपण आपोआप त्यांना संगमरवर देतो. पॅलाडिओच्या बऱ्याच घरांचे खांब विटांचे, वरून चुन्याचा गिलावा, दगड फक्त जिथे नाजूक कोरीवकाम लागतं तिथे. छापील चित्रात हे काही सांगितलेलं नसतं. रेघ फक्त आकार सांगते. मला वाटतं त्यामुळेच तर ते आकार एवढे फिरले, कारण ज्याच्याकडे वीट होती त्याने विटेत केले, ज्याच्याकडे लाकूड त्याने लाकडात.

दुपारी पॅलाडिओ म्युझियम, त्यानेच बांधलेल्या एका वाड्यात. तिथे आणि नंतर रात्री रूमवर मोबाइलवर आम्ही १५७० च्या पुस्तकाची पानं नीट बघितली. आर्किटेक्चरची चार पुस्तकं, व्हेनिसमध्ये छापलेली, चित्रं लाकडी ठोकळ्यांवरून. पहिल्यात साहित्य आणि खांब, दुसऱ्यात घरं, तिसऱ्यात रस्ते पूल चौक, चौथ्यात रोमची देवळं. दुसऱ्या भागात त्याने एक गोष्ट केली जी आधी कोणी अशी केली नव्हती, स्वतः डिझाइन केलेली घरं जुन्या रोमच्या इमारतींच्या मांडीला मांडी लावून छापली. पान बघून माझे डोळे भरून आले हे खरं सांगते. खाली प्लॅन, त्याच्या बरोबर वर एलिव्हेशन, रेघेवर रेघ, आणि प्रत्येक खोलीत मापाचा आकडा. बाण नाहीत, गर्दी नाही. आकडे व्हिचेन्झाच्या फुटात, आणि परगावच्या माणसाला तो फूट कळावा म्हणून अर्ध्या फुटाची रेघच छापून दिली आहे, तेवढ्याच लांबीची. आपल्या हिशोबाने तो फूट सुमारे ३६ सेंटिमीटरचा. ज्याने साइटवर काम केलंय त्यालाच सुचतं हे.

दिवस तिसरा, रोटोंडा

रोटोंडा म्हणजे पॅलाडिओचं एक घर, गावाबाहेर टेकडीवर. आत जायचे दिवस ठरलेले असतात, आम्ही तो वार बघूनच तिकिटं काढली होती. दोन भिंतींमधल्या गल्लीतून चालत गेलो, सकाळची वेळ, कुठेतरी गवत कापल्याचा वास. फाटकातून आत गेलं की दोन्हीकडे भिंती असलेली चढण आणि वर ते घर.

पाओलो अल्मेरिको नावाच्या पाद्र्याने रोमची नोकरी संपवून गावी परत आल्यावर १५६० च्या दशकात बांधायला घेतलेलं. चौरस, चारही बाजूंना एकसारख्या पायऱ्या, एकसारखे सहा सहा आयोनिक खांब, मधे गोल दालन आणि वर घुमट. गावाच्या इतकं जवळ की पॅलाडिओने पुस्तकात हे शेतावरच्या घरांमध्ये न घालता गावातल्या वाड्यांमध्ये घातलं. पुस्तकातल्या प्लॅनवर मधल्या गोलात ३० हा आकडा आहे. आम्ही त्या गोलात उभ्या राहिलो, जमिनीच्या मध्यावर दगडात कोरलेला एक चेहरा आहे, तोंड उघडं, पाणी जायची मोरी.

माझी एक जुनी सवय आहे, खांबाचा फोटो काढायचा, कागदाच्या पट्टीवर खांबाच्या जाडीची खूण करायची आणि ती पट्टी खालून वर सरकवत मोजायची, किती वेळा बसते. बाहेर ओट्यावर बसून केलं. साधारण नऊ वेळा बसली. पुस्तकात आयोनिकला नऊच दिलेत. फोटोत थोडं इकडे तिकडे होतंच, पण बरं वाटलं.

मग आम्ही खाली उतरून हिरवळीवरून, मोबाइलवर पुस्तकाचं पान उघडून, घर आणि पान शेजारी शेजारी धरले. घुमट जुळत नाही. पानावर अर्धगोल, उंच, भरदार घुमट आहे. समोर जो आहे तो बुटका, पसरट, खालच्या बाजूला पायऱ्या पायऱ्या असलेला, रोमच्या पँथिऑनसारखा. पॅलाडिओ १५८० मध्ये गेला, काम विन्चेन्झो स्कामोझ्झी नावाच्या दुसऱ्या आर्किटेक्टने पुरं केलं आणि घुमट वेगळा झाला. म्हणजे १५७० मध्ये जेव्हा हे पान छापलं तेव्हा पानावरचा घुमट कुठेच नव्हता आणि नंतरही इथे कधी झाला नाही.

असं फक्त इथेच नाही. गावातला थिएने वाडा पुस्तकात अख्खा चौक घेऊन उभा आहे, प्रत्यक्षात त्याचा एक भागच बांधला गेला. पॅलाडिओने पुस्तकासाठी स्वतःच्या जुन्या इमारती पुन्हा काढल्या, आणि काढताना त्या जशा झाल्या तशा न काढता जशा व्हायला हव्या होत्या तशा काढल्या. जागेची अडचण, मालकाचे संपलेले पैसे, जुन्या भिंतीचा तिरकेपणा, हे सगळं गाळून.

मला आमच्या एका साइटची आठवण झाली. बंगल्याच्या पोर्चला मी एक कोनाडा दाखवला होता, मालकांनी तो रद्द केला, मी रिव्हाइज्ड ड्रॉइंग काढून दिलं, पण नवीन अमोनिया प्रिंट काही साइटवर पोचली नाही आणि मिस्त्रीने जुन्या प्रिंटवरून कोनाडा बांधून टाकला. मालक रागावले, तेव्हा मिस्त्री म्हणाला ताई, माझ्याकडे जे आलं ते मी बांधलं. तो बरोबरच होता. साइटवर जी प्रिंट असते तीच इमारत. आणि युरोपभर, दोनशे वर्षं, साइटवर जी प्रिंट गेली ती १५७० च्या पुस्तकाची होती, व्हिचेन्झाच्या टेकडीची नाही. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली मग तो घुमट कुठेतरी असेल की. आहे, म्हटलं, इंग्लंडात.

दिवस चौथा

पूर्ण दिवस प्रवासात गेला. ट्रेन, विमान, परत ट्रेन, विमान उशिरा सुटलं, अँटवर्पला रात्री पोचलो. सूप पिऊन झोपलो.

दिवस पाचवा, अँटवर्प

आज सगळा दिवस प्लांटिन-मोरेटस म्युझियमसाठी ठेवला होता आणि तरी कमी पडला. क्रिस्तॉफ प्लांटिनने १५५५ च्या सुमारास सुरू केलेला छापखाना, पुढे त्याचा जावई मोरेटस आणि त्याच्या पिढ्या, घर आणि कारखाना एकत्र, सगळं जागच्या जागी. जगातली सगळ्यात जुनी दोन छपाईयंत्रं इथे आहेत, साधारण १६०० सालची. खिळ्यांच्या केसेस, उतरत्या टेबलांवर मुद्रितं तपासणाऱ्यांची खोली, खिडकीतून येणारा उजेड. वडिलांच्या ओळखीचे एक खिळे जुळारी होते आमच्या वाड्यात, त्यांच्या बोटांना जो वास असायचा तो इथे येईल असं उगाच वाटलं. आला नाही, मेणाचा आणि जुन्या लाकडाचा आला.

लाकडी ठोकळे इथे जवळपास १४,००० आहेत, तांब्याचे पत्रेही हजारोंनी. दोन्हीत फरक काय हे तिथे समोर दिसतं. लाकडात जी रेघ हवी ती उंच ठेवायची आणि बाजूचं सगळं कोरून काढायचं, मग तो ठोकळा खिळ्यांच्याच उंचीचा असतो म्हणून मजकुराच्या मधे बसवून एकाच दाबात पान निघतं, चित्र आणि शब्द एकत्र. सेर्लिओ आणि पॅलाडिओ दोघांची पानं अशी. तांब्यावर उलटं, रेघ खोल कोरायची, शाई खोबणीत भरायची, वरची पुसून टाकायची, आणि ओला कागद रोलरमधून दाबून काढायचा, त्याला वेगळं यंत्र. खर्च जास्त पण रेघ केसासारखी बारीक. विन्योला या इटालियन आर्किटेक्टने १५६२ मध्ये त्याचं खांबांचं पुस्तक तांब्यावर काढलं, जवळजवळ मजकूर नाहीच, फक्त चित्रं आणि एकच नियम, खांबाखालचा चौथरा ४ भाग, खांब १२ भाग, वरचा आडवा पट्टा ३ भाग, एकूण उंचीचे १९ भाग करा आणि लागा कामाला. आमची कॉलेजची शीट ही सेर्लिओची नातवंडं पतवंडं असली तरी प्रमाणं विन्योलाची होती, ते मला इथे उभं राहून लक्षात आलं.

आणखी एक गोष्ट. छापील चित्र समोर ठेवून दुसऱ्याने ते जसंच्या तसं ठोकळ्यावर किंवा पत्र्यावर कोरलं की त्याची छपाई आरशातल्यासारखी उलटी येते. ट्रेसिंग पेपर पालथा पडल्यावर होतं तेच. एरवी डाव्या हाताला असलेला जिना नकलेत उजवीकडे गेलेला दिसला तर आधी हे आठवावं.

आता गंमत बघा, सेर्लिओचा चौथा भाग व्हेनिसमध्ये १५३७ ला आला आणि १५३९ ला इथे अँटवर्पमध्ये पीटर कूक व्हान आल्स्ट नावाच्या चित्रकाराने तो फ्लेमिशमध्ये काढला, सेर्लिओला न विचारता. पुढच्या काही वर्षांत जर्मन आणि फ्रेंचही. अन्याय झाला हे खरंच, पण कूकने हे केलं नसतं तर उत्तरेकडच्या सुताराला आणि पाथरवटाला ही पानं त्याच्या भाषेत मिळायला अजून किती वर्षं गेली असती.

एका सुताराच्या घरातली गोष्ट तर नोंदलेलीच आहे. हान्स फ्रेडमन दे फ्रीस, लेवार्डनचा मुलगा, तरुणपणी नेदरलँड्सच्या फ्रीसलंडमधल्या कोलुम नावाच्या छोट्या गावात असताना तिथल्या एका सुताराकडे त्याला कूकने छापलेली सेर्लिओची आणि व्हिट्रुव्हिअसची पुस्तकं मिळाली आणि त्याने ती रात्रंदिवस बसून हाताने उतरवून काढली. हे वाचलं तेव्हापासून तो मुलगा माझ्या डोळ्यासमोर आहे. त्या ओल्या सपाट प्रदेशात, रोमपासून इतक्या लांब, मेणबत्तीच्या उजेडात कॉरिंथियन खांबाच्या शीर्षावरची अकँथस झाडाची पानं उतरवणारा. तोच पुढे अँटवर्पमध्ये स्वतःची पुस्तकं काढायला लागला, १५६५ मध्ये खांबांची दोन, त्यात खांबांवर पट्टे, वेटोळी, चामडं कापून गुंडाळावं तशी नक्षी, म्हणजे रोममध्ये कधीच नव्हतं असं काहीतरी तिसरंच. आणि ती पुस्तकं बाल्टिकच्या गावांपर्यंत गेली, इंग्लंडात गेली. तिथे नॉटिंगहॅमचं वोलाटन हॉल १५८० च्या दशकात बांधलं, त्याच्या प्लॅनमागे सेर्लिओचं पान आहे आणि नक्षीमागे दे फ्रीसचं.

दुपारी उशिरा मोठ्या चौकात गेलो. स्टाडहाउस, म्हणजे नगरभवन, १५६१ ते १५६५, कॉर्नेलिस फ्लोरिस आणि बाकी बरेच जण. ओबडधोबड दगडाच्या कमानींचा तळमजला, वर डोरिक, त्यावर आयोनिक, अगदी पुस्तकाच्या क्रमाने. पण मधोमध बघितलं तर वर निमुळता होत गेलेला उंच दर्शनी त्रिकोण, इथल्या व्यापाऱ्यांच्या घरांना असतो तसाच, फक्त त्याला आता मजल्यामजल्याला खांब लावलेले. शरीर इथलं, दागिने पुस्तकातले. मला हे फार आवडलं. काही लोक याला अर्धवट समजलेलं क्लासिकल म्हणतात, मला ते पटत नाही. त्यांना पुस्तकातून जे हवं होतं ते त्यांनी घेतलं आणि आपलं घर सोडलं नाही.

दिवस सहावा, लंडन

ब्रसेल्सहून समुद्राखालच्या ट्रेनने लंडन. व्हाइटहॉलवर बँक्वेटिंग हाउस, आत जायला मिळालं नाही, बाहेरूनच बघितलं. इंग्लिश आर्किटेक्ट इनिगो जोन्सचं काम, १६१९ ते १६२२. आयोनिक खाली, कॉम्पोझिट वर, सात गाळे. आतलं दालन ११० फूट लांब, ५५ रुंद, ५५ उंच, दोन घन शेजारी ठेवल्यासारखं.

जोन्स १६१३ मध्ये इटलीला गेला तेव्हा त्याच्याकडे पॅलाडिओच्या पुस्तकाची १६०१ ची प्रत होती. ती घेऊन तो एकेका इमारतीपुढे उभा राहिला आणि समासात लिहित गेला, कुठे पान आणि दगड जुळतात, कुठे नाही. ती प्रत ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजमध्ये आहे. स्कामोझ्झीला तो प्रत्यक्ष भेटला, आणि येताना पॅलाडिओची मूळ ड्रॉइंग्ज घेऊन आला. आज पॅलाडिओच्या हातची तीनशेहून जास्त ड्रॉइंग्ज इटलीत नाहीत, लंडनच्या आर्किटेक्टांच्या संस्थेकडे आहेत. हे ऐकल्यावर भाची म्हणाली म्हणजे आपण उलटे आलो का. नाही गं, ती पण ह्याच वाटेने आली.

रस्त्यावर बसेसचा आवाज होता, पाऊस भुरभुरत होता, आम्ही समोरच्या फुटपाथवर छत्रीत उभ्या राहून गाळे मोजले. त्या काळात याच्या आजूबाजूला विटांची, लाकडाची, टोकदार छपरांची घरं होती. त्यात हे एकदम असं उभं राहिलेलं लोकांना कसं दिसलं असेल याचा विचार करत राहिले.

दिवस सातवा, ग्रिनिच आणि चिझिक

सकाळी ग्रिनिचचं क्वीन्स हाउस, जोन्सचंच, १६१६ ला सुरू आणि १६३५ ला पुरं. मधला हॉल ४० फुटांचा घन. फिरत वर जाणारा जिना, मधे खांब नाही, पायरी भिंतीतून निघते आणि खालच्या पायरीवर टेकते. खाली उभं राहून वर बघितलं की शिंपल्यात बघितल्यासारखं. पण घाईत होतो, लंडनच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं.

जोन्सनंतर मधे बराच काळ गेला. मग १७१५ मध्ये दोन पुस्तकं एकदम सुरू झाली, कॉलेन कॅम्बेलचं व्हिट्रुव्हिअस ब्रिटानिकस, म्हणजे इंग्लंडातल्याच इमारतींची मोठी मोठी तांब्यावरची चित्रं, आणि जाकोमो लेओनीने काढलेला इंग्रजी पॅलाडिओ. लेओनीने चित्रं नव्याने कोरून घेतली आणि घेताना सुधारली, म्हणजे आपल्या मनाने बदलली. ज्यांना खरा पॅलाडिओ हवा होता ते नाराज झाले. शेवटी १७३८ मध्ये आयझॅक वेअरने नवीन भाषांतर काढलं आणि चित्रं मूळ पानांवरून तंतोतंत ट्रेस करून स्वतःच्या हाताने कोरली. स्वतः २७ वर्षं ट्रेसिंग केल्यामुळे असेल, पण या सगळ्या नावांमध्ये मला हा वेअर सगळ्यात जवळचा वाटतो. दुसऱ्याच्या रेघेवरून रेघ नेताना आपला हात आपली रेघ घुसवायला बघतो. ती न घुसू देणं हे मोठं काम आहे, आणि ते केल्याचं कोणाला दिसत नाही.

चिझिक हाउस, लॉर्ड बर्लिंग्टनने १७२० च्या दशकात स्वतः डिझाइन केलेलं. चौरस घर, मधे घुमट, पुढे सहा कॉरिंथियन खांब. रोटोंडाची आठवण येतेच, पण घुमट अष्टकोनी, खाली अर्धगोल खिडक्या, पॅलाडिओ आणि स्कामोझ्झी दोघांची पानं समोर ठेवून केलेलं. छपरावर दगडी सुळक्यांसारखं काही दिसतं ते बघितलं तर धुराडी. व्हिचेन्झाच्या त्या घराच्या चित्रात धुराड्यांचा प्रश्न आला नव्हता, इंग्लंडच्या थंडीत प्रत्येक खोलीला शेगडी हवी, मग ती लपवायची कुठे. कॅम्बेलने केंट परगण्यात मेअरवर्थ नावाचं घर बांधलं, तिथे त्याने धुराडी घुमटाच्या दोन कवचांच्या मधून नेऊन थेट टोकावरच्या झरोक्यातून धूर बाहेर काढला. आणि तो मेअरवर्थचा घुमट उंच, भरदार आहे. व्हिचेन्झाच्या पानावरचा. आम्हाला तिथे जाता आलं नाही, ते खाजगी घर आहे. कॅम्बेलच्या पुस्तकातलं चित्र मोबाइलवर काढलं आणि तिसऱ्या दिवशीच्या फोटोशेजारी ठेवलं, आणि त्याच्याशेजारी १५७० चं पान. तिघांपैकी दोन जुळले.

चिझिकच्या पुढच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दोन पुतळे आहेत, एका बाजूला पॅलाडिओ, दुसऱ्या बाजूला इनिगो जोन्स. मी पॅलाडिओच्या बाजूच्या पायरीवर बसले. गिरणीवाल्याचा मुलगा, हातात छिन्नी घेऊन सुरुवात केलेला, तो इंग्लंडला कधीच आला नाही.

परत

मुंबईला पहाटे उतरले, पुण्याची गाडी दुपारची होती, तेवढ्यात टॅक्सी करून फोर्टमध्ये गेले. टाउन हॉल, आपली एशियाटिक लायब्ररी, १८३३ ची, कर्नल थॉमस कूपरचं काम. पायऱ्यांवर नेहमीसारखी कॉलेजची मुलं बसलेली. वर आठ डोरिक खांब, उभ्या खोबणींचे. हे खांब सेर्लिओच्या घराण्यातले नाहीत. अठराव्या शतकात स्टुअर्ट आणि रेव्हेट नावाचे दोन इंग्रज अथेन्सला जाऊन तिथल्या देवळांची मापं घेऊन आले, १७६२ पासून ती छापायला लागले, आणि मग रोमच्या डोरिकपेक्षा जाड, ठेंगणा, दणकट असा ग्रीक डोरिक पानांवरून सगळीकडे निघाला. त्याच लाटेतला हा.

इतकी वर्षं इथून जाता येता बघितलाय. आज पायऱ्या चढून समोरचा फोटो काढला, तिकिटाच्या मागच्या बाजूची पट्टी फाडली, जाडीची खूण केली आणि खालून सरकवत न्यायला लागले. शेजारच्या मुलीने विचारलं, काकू, काय मोजताय? ती आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला होती. शीट पुढच्या सोमवारी द्यायची होती तिला. पट्टी तिच्या हातात दिली.